त्यांच्या नावाची फुंकर

रावसाहेबांच्या फुंकरीने काटा जिथवर सरकायचा, तेवढंच घर त्या दिवशी लांब असायचं. दवाखान्यातून फुंकरीचा जोर मोजायचं पीक फ्लो मीटर आणलं, तेव्हापासूनचं हे. वीतभर नळी, तिच्यावर हिरवा, पिवळा, लाल पट्टा. पूजा आटोपली की इंदुमती ती धुऊन नवऱ्याच्या हातात द्यायची. ते ताठ बसून छाती भरून घ्यायचे, जोरात फुंकायचे, आणि काटा थांबला की भिंती थांबायच्या.

हिरव्यावर थांबला तर सोप्यातून देवघरापर्यंत ऐसपैस जाता यायचं. पिवळ्यावर थांबला तर त्यांची कॉट देवघराला चिकटायची आणि रावसाहेबांचे पाय देवाकडे व्हायचे. मग इंदुमती निमूटपणे कॉट फिरवून घ्यायची. श्रावणभर नंदादीप विझू द्यायचा नाही असं तिचं व्रत होतं. त्यामुळे अशा दिवशी ते फुंकायला लागले की ती ज्योतीपुढे पदर धरायची, एवढंच.

"देव फारच जवळ आले गं," रावसाहेब धापा टाकत म्हणायचे. "प्रसाद आता कॉटवरूनच घेतो."

उभी हयात यंत्रमागावर गेलेली. सुताची धूळ छातीत बसली होती, पण जिभेवर नव्हती.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी काटा लालवर थांबला. भिंती कॉटच्या दोन्ही कडांना येऊन टेकल्या. स्वयंपाकघर उशाशी आलं, तुळस पायथ्याशी. दवाखान्यातल्या माधवी सिस्टरचा फोन यायची वेळ झाली होती. ती रोज रंग विचारायची. लाल असेल तर तडक घेऊन या, असं तिनं बजावून ठेवलं होतं.

रावसाहेबांनी बायकोचं मनगट धरलं.

"तिथं नको नेऊस. तिथली खोली कुणाच्या फुंकरीनं वाढत नाही."

इंदुमती गोंधळली. रावसाहेब मागावर असताना त्यांचे सोमवार तीच धरायची, त्यांच्या वाटचा संकल्पही तीच सोडायची. त्याचं पुण्य त्यांना लागतं, यात तिला कधी शंका आली नव्हती. मग फुंकर तेवढी वेगळी कशी? तिनं तळहातावर पाणी घेतलं, एरवी कधी न घेतलेलं त्यांचं नाव घेतलं, पाणी ताम्हणात सोडलं आणि नळी तोंडाला लावून फुंकली.

काटा हिरव्याच्या टोकाला गेला. घर सरसर लांबलं.

फोनवर तिनं हिरवा सांगितला. खोटं बोलल्यासारखं तिला वाटलं नाही, आणि खरं बोलल्यासारखंही वाटलं नाही. सिस्टर खूश झाली. म्हणाली, मग छानच चाललंय काकू, शुक्रवारी तपासणीला यायची गरज नाही.

पुढे रोज तसंच झालं. फक्त कॉट देवघरापासून दूरच्या टोकाला राहिली आणि टोक रोज लांब जात होतं. पेज नेईपर्यंत निवायची. रावसाहेब म्हणाले, "उद्यापासून रिक्षानं ये." दुसऱ्या दिवशी काहीतरी म्हणाले, ते तिला ऐकूच आलं नाही. त्यांचा खोकला आधी दिसायचा, ऐकू मागाहून यायचा. मग नुसता दिसायला लागला.

त्या शुक्रवारी हिरवा फुंकून, फोन यायच्या आधी ती वळली, तर कॉटवर कुणी बसलंय की उशी ठेवलीय, हेच तिला कळेना. देवघरातून तिनं हात जोडले, नळी कमरेला खोचली आणि चालू लागली. फरशीमागून फरशी. मध्ये कपाटं नव्हती, खिडक्या नव्हत्या, नुसतं घर. तिलाच दम लागला. मागे वळून पाहिलं तर नंदादीप मोहरीएवढा.

रावसाहेबांचे ओठ निळसर झाले होते. बोलायला श्वास नव्हता. त्यांनी नुसता हात पुढे केला.

"तुमची तुम्हीच फुंका," ती म्हणाली. "खरा रंग सांगते मी सिस्टरना."

तिनं डाव्या हातानं त्यांची पाठ सावरली, उजव्या हातानं नळी ओठांशी धरली. ते फुंकू लागले. काटा तसूभर हलला आणि लालच्या तळाशी थांबला.

तेव्हा घर परत यायला निघालं. लांबून भिंती, फरशा, ताम्हण, तुळस सगळं एका रांगेत सरकत येत होतं. सर्वांत पुढे नंदादीप, त्याला लागून फोन, आणि फोन वाजत होता. मोहरीएवढी ज्योत हरभऱ्याएवढी झाली, मग सुपारीएवढी. रावसाहेबांची फुंकर अजून संपली नव्हती. ज्योत मागे झुकली.

नळी तिच्या हातून पडली. डावा हात पाठीवर होता. पाठ मागे कलत होती. उजवा हात मोकळा होता. दिवा हाताच्या अंतरावर आला, आणि फोनही.