एकाच वर्षाच्या दोन नोंदी

माझी पणजी कापडी पुठ्ठ्याची वही होती, आजी लाकडी खणातली कार्डे होती आणि आई कार्बन लावून टंकलेली चोवीस पानी यादी होती. मित्रांनो, त्या घराण्यातली मी चौथी, संगणकात नांदणारी संदर्भसूचीची फाइल. पुस्तकाच्या शेवटी लेखक, साल आणि शीर्षक यांची जी यादी तुम्ही न वाचताच मिटता, ती माझ्या पोटातून निघते. मिटत जा खुशाल. पण आज पाठ ताठ करून बसा आणि ऐका.

छापखान्याच्या मागच्या खोलीत माझा जन्म झाला. पानांची जुळणी करणाऱ्या बाईंनी आईला शेजारी ठेवून माझ्यात नऊशे बारा नोंदी भरल्या. एका नोंदीपायी आईचे अख्खे पान पुन्हा टंकावे लागे. मी मात्र डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सारी यादी लावून मोकळी होई. मालक आल्यागेल्याला बोलावून मला दाखवत. त्या कौतुकाने मी शेफारले, हे कबूल करायला मी लाजत नाही.

स्वस्थता मात्र मला कधीच लाभली नाही. एक नवी नोंद आली की सगळ्यांनी उठायचे, सरकायचे, पुन्हा बसायचे. नियम ठरलेला : आधी आडनाव, मग साल, तीही सारखी निघाली, तर शीर्षकाचे पहिले अक्षर. त्याच क्रमाने सालापुढे अ, ब अशी खूण मी करी, आणि पुस्तकात जिथे जिथे त्या लेखाचा उल्लेख येई, तिथे तीच खूण आपोआप उमटे. कोणता लेख खरोखर आधीचा, हे मी कधी कोणाला विचारले नाही.

त्यात एक मोठी बाई भरडली गेली. जुळणीवाल्या बाईंची ती सख्खी मावशी. आयुष्यभर पिण्याच्या पाण्याचा अभ्यास केलेली. एका वर्षी तिने दोन लेख लिहिले. पहिला ‘विहिरीतील गाळ’. त्यात पाण्यात टाकायच्या औषधाचे प्रमाण चुकून दुप्पट पडले. चूक ध्यानात येताच तिने पुन्हा मोजमाप केले आणि सहा महिन्यांनी ‘गढूळ पाण्याची मोजमापे’ या लेखात ती जाहीर कबूल केली. पण ‘ग’ हा ‘व’च्या आधी. मी दुरुस्तीला अ लावला, चुकीला ब. माझ्यातून त्या विषयाची बारा पुस्तके निघाली आणि बाराही पुस्तकांत ती चूकच नंतरची, म्हणजे जणू अखेरची ठरली.

तीस वर्षांनी मावशीच्या निवडक लेखांचे पुस्तक निघायचे ठरले. तपासणीची पाने घेऊन ती मागच्या खोलीत आली.

“हे उलटं लागलंय.”

“मावशी, मशीन तसंच लावतं.”

“त्याला तसं सांगितलं कुणी?”

“कुणीच काही सांगितलं नाही, म्हणून तर लावतं.”

“म्हणजे घरात मोठं माणूस नसलं की होतं तसं. परवा एका शहाण्यानं लिहिलंय, बाईंनी बरोबर सांगितलेलं स्वतःच फिरवलं. हे पुस्तक तरी सरळ निघू दे. एक्याऐंशी झाले मला, पुढच्या आवृत्तीची वाट बघत बसू का?”

“थांब गं, हातानं बदलते.”

भाचीने छापायच्या यादीत अ खोडून ब केला, ब खोडून अ. पाने पुन्हा निघाली आणि आगीतून फुफाट्यात पडल्यासारखे झाले. यादी सुधारली, पण आतल्या एकतीस ठिकाणी माझ्या जुन्या खुणा तशाच राहिल्या.

“आता माझंच पुस्तक मला खोटं पाडतंय,” मावशी म्हणाली. “मी सही करणार नाही.”

“उद्या छपाईला जायचंय.”

“जाऊ दे की. माझं नाव काढ आणि पाठव.”

माझा जीव नुसता वरखाली होत होता; पण फाइलीला तोंड कुठे असते? भाचीने कपाळाला हात लावला, हाताने केलेले सारे पुसले आणि प्रथमच थेट मला उघडले. माझ्या प्रत्येक नोंदीत एक ओळ असते. ती छापली जात नाही. फक्त क्रम लावताना यंत्र ती वाचते, आणि तिथे काही लिहिलेले असले, तर शीर्षकाऐवजी तेच धरते. जन्मापासून ती रिकामीच होती. भाचीने गाळाच्या नोंदीत तिथे एक लिहिला, गढूळ पाण्याच्या नोंदीत दोन. मी उठले, सरकले, पुन्हा बसले, आणि यादीतल्या व आतल्या खुणा एकदमच बदलल्या.

मित्रांनो, यंत्र आज्ञाधारक असते, शहाणे नसते. ज्याचे काम मांडता, त्याला विचारून मांडा. आणि आमच्यातली रिकामी ओळ बिनकामाची समजू नका.

मावशीने एकतीसही ठिकाणे बोट ठेवून तपासली. चहा निवून गेला, तरी तिने मान वर केली नाही.

“आधी चुकले, मग सुधारले,” ती अखेर म्हणाली. “घडलं तसं आलं. आण पेन.”

तिने सही केली. तीस वर्षांपूर्वी मी तिच्याकडून हिरावलेली कबुली तिला परत मिळाली, अख्खी.