अर्ध्या मिनिटाची शांतता

पिसुयनं कानांवरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन ती बसली.

"झालं?" पास्टर वाताननं विचारलं.

"कुठलं झालं? मी अजून तोंडच उघडलं नाही."

"एकच ओळ आहे, याकी. 'कुणी नाही, प्रभू.' एवढं म्हणा, की सुटलात. दहा मिनिटांत आपल्या बागेत."

याकी म्हणजे आजी, जसं युतास म्हणजे आजोबा. गावात साठीच्या पुढच्या सगळ्याच बाया याकी. पिसुय त्रेसष्ट वर्षांची होती.

"मला विचारणार कोण?"

"म्हणजे?"

"'बाई, तुला दोषी ठरवणारे कुठं गेले?' असं कुणीतरी विचारणार, मग मी 'कुणी नाही' म्हणणार. बरोबर? मग विचारणारा कुठं आहे? मी काय त्या गादीला उत्तर देऊ?"

गादी खिडकीला टेकवून उभी केली होती. चर्चच्या स्वयंपाकघरामागची ही खोली, रविवारी मुलांच्या वर्गाची. गावानं आपापल्या घरातल्या जुन्या रजया आणून भिंतींवर ठोकल्या होत्या, म्हणजे कोबीच्या ट्रकांचा आवाज आत येऊ नये. शेजारचा कोंबडा चार दिवस टोपलीखाली होता.

गावातली निम्मी पोरं खाली सपाटीवर कारखान्यांत. आपल्या बोलीतलं पुस्तक त्यांना वाचता येत नाही, आणि येतं त्यांना वेळ नाही. पण फोन कुणाच्या कानातून निघत नाही. म्हणून म्हाताऱ्यांच्या आवाजात सगळं शुभवर्तमान फोनवर घालायचं ठरलं. प्रत्येक पात्राला वेगळा आवाज. मरियेसाठी आठ बायका रांगेत होत्या. हेरोदाची बायकोसुद्धा खपली. सैतानाच्या आवाजासाठी तर तिघांत भांडण झालं. उरली ती व्यभिचारात धरलेली बाई, जिला दगडांनी मारायला आणतात, आणि प्रभू वाकून मातीत बोटानं लिहितो, तेव्हा एकेक करून सगळे निघून जातात. ओळ एक, तीही दोन-तीन शब्दांची. पण तेवढ्यासाठीही एक बाई पुढे आली नाही. मग कुणीतरी म्हणालं, पिसुय आहे की. आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणालाही त्यात काही गैर वाटलं नाही, हे लिहून ठेवायला हवं.

"बेहुय आजोबांचं वाचून झालंय मंगळवारी," पास्टर म्हणाला. "प्रत्येकानं एकेकट्यानं वाचायचं असतं. ही पानाय नंतर कंप्युटरवर जोडते. ऐकणाऱ्याला वाटतं, दोघं समोरासमोर आहेत."

"ऐकणाऱ्याला वाटून मला काय मिळणार? बोलव त्याला. माझ्याकडे बघून म्हणू दे. नाहीतर दुसरी बाई शोध."

दुसरी बाई नव्हती. पानाय उद्या यंत्रं बांधून किनाऱ्याकडे परत जाणार होती. पास्टरनं वहाणा चढवल्या.

बेहुय मंडळीचा वडील, म्हणजे चर्चचा पुढारी होता. वय अडुसष्ट, आवाज असा की दरीपलीकडचा माणूस मान वर करेल. प्रभूचा आवाज कुणाचा असावा, यावर मंडळीनं मत घेतलं होतं. ज्याच्या चारित्र्यावर डाग नाही, अशाचा. सगळे हात बेहुयसाठी वर गेले.

सव्वीस वर्षांपूर्वी पिसुयचा नवरा मासेमारीच्या बोटीवर तीन वर्षांसाठी गेला होता, आणि तिला दिवस गेले. मूल काही राहिलं नाही. त्याच वर्षी वादळ आलं, डोंगराची कड खचली, दोन घरं गेली. एकानं नियम मोडला की भोगायचं सगळ्यांनी, हे या डोंगरात पुस्तकाच्या कितीतरी आधीपासून चालत आलेलं. बेहुयनं व्यासपीठावरून ती दरड पिसुयच्या नावावर टाकली. पिसुयनं रीतीप्रमाणे डुक्कर कापलं, रानआल्याच्या पानात बांधून घरटी वाटा पोचवला. वाटा घेतला की मिटलं. सगळ्यांनी घेतला. बेहुयच्या घरचं पान तसंच बांधलेलं तिच्या ओट्यावर परत आलं. कुत्र्यानं खाल्लं. नवरा आला, त्यानं ऐकलं, तो खाली शहरात गेला तो गेलाच.

गावानं तिला दगड मारले नाहीत. दगड मारायला हात उचलावा लागतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचा ट्रे घेऊन बेहुय बाकांमधून फिरे, आणि शेवटच्या बाकावरच्या पिसुयपाशी आला की तिचा हात पोचू नये म्हणून ट्रे एक वीत वर उचले. तेवढंच. सव्वीस वर्षं.

बेहुय आला. खांद्याला विणलेली पिशवी होती, ती त्यानं खुर्चीच्या पायाशी ठेवली. पिसुयकडे न बघता चष्मा पुसला.

"ऊठसूट बोलावणं," तो पास्टरला म्हणाला. "माझं झालं होतं ना?"

"तुझं झालं असेल," पिसुय म्हणाली. "माझं राहिलंय."

पानायनं दोघांमध्ये माईक ठेवला. ती किनाऱ्याकडची, दुसऱ्या जमातीची. यांची बोली तिला ओ की ठो कळत नसे. पडद्यावरची हिरवी रेघ तिला दिसायची, आणि आवाज ऐकू यायचा. शब्द बरोबर की चूक, ते पास्टरनं कागदावर बघायचं.

तिनं बोट वर केलं.

बेहुयनं विचारलं. पिसुयनं उत्तर दिलं, "कुणी नाही, प्रभू." तिचा आवाज स्थिर होता. मग बेहुयनं कागदावर बोट ठेवून वाचलं, मीही तुला दोषी ठरवत नाही.

"शब्द बरोबर?" पानायनं विचारलं.

"बरोबर," पास्टर म्हणाला.

"मग पुन्हा. हे आजोबा तिला हाकलून देतायत."

पुन्हा झालं. पुन्हा रेघ थांबवली. तिसऱ्यांदा तो सूचना वाचल्यासारखा बोलला. चौथ्यांदा खोकला आला. पाचव्यांदा पानायनं कपाळ चोळलं.

"पास्टर, यांचं मंगळवारचं काय सुंदर आहे. मधासारखं. तेच लावू का?"

मंगळवारी बेहुयच्या समोर रिकामी खुर्ची होती.

पास्टरनं पानायचं म्हणणं पिसुयला सांगितलं.

"लावा की. त्याला बाईचा आवाजही खुर्चीचाच लावा."

बेहुयनं चष्मा काढला. सहाव्यांदा वाचलं. सातव्यांदा अर्ध्यातच थांबला आणि पाणी प्यायला.

"एक विचारू?" पिसुय त्याच्या हातातल्या ग्लासकडे बघत म्हणाली. "त्या बाईला धरून आणलं, तेव्हा तिच्याबरोबरचा पुरुष कुठं होता? एवढी माणसं आहेत गोष्टीत. त्याला एक ओळ नाही."

पास्टरनं हातातला कागद उलटून पाहिला, जणू मागच्या बाजूला काही लिहिलेलं असावं.

बेहुयनं ग्लास खाली ठेवला. बराच वेळ तो ग्लासाच्या तळाचं ओलं वर्तुळ अंगठ्यानं पुसत राहिला.

"बातूनं सांगितलं मला," तो म्हणाला. "मागच्या हिवाळ्यात. दवाखान्यात. जायच्या दोन दिवस आधी."

बातू त्याचा धाकटा भाऊ. पंचवीस वर्षं, दर पहिल्या रविवारी, बेहुयच्याच हातातल्या ट्रेमधून बातूनं पेला उचलला होता. दुसऱ्या बाकावर बसून.

"म्हणजे दहा महिने झाले," पिसुय म्हणाली.

"हो."

"दहा महिने काय करत होतास?"

"ट्रे फिरवत होतो."

बाहेर टोपलीखाली कोंबड्यानं पंख आपटले.

"तू तरी का नाही बोललीस?" बेहुय म्हणाला. "तेव्हाच?"

"मला कुणी विचारलं होतं? तू व्यासपीठावर चढलास. माझ्या घराची पायरी चढला असतास, तर चहा पाजून सांगितलं असतं."

"काय चाललंय?" पानायनं हळूच विचारलं. "थांबवू का?"

"नको," पास्टर म्हणाला. "चालू राहू दे."

बेहुयनं कागद टेबलावर पालथा घातला. पहिल्यांदाच मान वर करून त्यानं पिसुयकडे पाहिलं, आणि विचारलं. दोषी ठरवणारे कुठं गेले, ते.

पिसुयनं भिंतीवरच्या रजया बघितल्या. प्रत्येक रजई कुणाच्या घरची, ते तिला ठाऊक होतं. मग ती म्हणाली,

"कुणी नाही, प्रभू."

"मीही तुला दोषी ठरवत नाही."

हा आवाज दरीपलीकडे गेला नसता. टेबलापलीकडे जेमतेम पोचला. पानायनं रेघेकडे पाहिलंच नाही, तिनं नुसती मान हलवली.

"अजून एक वाक्य आहे, युतास," पास्टर म्हणाला. "'जा, यापुढे पाप करू नकोस.' ते राहिलं."

बेहुयनं पालथा कागद उलटला नाही.

"युतास?"

"ते मंगळवारचं लावा," बेहुय म्हणाला. "खुर्चीला म्हटलेलं."

पास्टरनं ते पानायला सांगितलं. ती म्हणाली, दोन्ही आवाज वेगळे आहेत, सांधा दिसेल. पास्टर म्हणाला, दिसू दे.

"बरं. मग मला मध्ये घालायला खोलीची शांतता लागेल." हे ती रोज काम संपल्यावर करायची. अर्धं मिनिट सगळ्यांनी जागच्या जागी बसायचं, आणि रिकाम्या खोलीचा जो काही आवाज असेल, तो ती टिपून घ्यायची. "कुणी बोलू नका. हलू नका. काल कोंबड्यानं घाण केली, आज तुम्ही करू नका."

तिनं बोट वर केलं. आकडे पळायला लागले.

सात-आठ सेकंद गेले असतील. बेहुय वाकला. पायाशी ठेवलेल्या पिशवीत हात घालून त्यानं काहीतरी बाहेर काढलं आणि टेबलावरून पिसुयच्या बाजूला सरकवलं. रानआल्याच्या पानात बांधलेला, तळहाताएवढा वाटा. भातात मुरवलेल्या मांसाचा आंबूस वास खोलीत पसरला. पान ताजं होतं. देठ सकाळीच कापलेला.

पास्टर ते बघून तसाच थिजला. चुकणाऱ्यानं आणायचं आणि दुसऱ्यानं घ्यायचं, ही रीत त्यालाही माहीत होती. मध्ये बोलायला जागा नव्हती, आणि आत्ता तर बोलायची परवानगीही नव्हती.

पिसुय त्या पानाकडे बघत राहिली. पडद्यावर सोळा, सतरा, अठरा. बेहुयचे हात टेबलावर उताणे पडले होते.

मग तिनं पान ओढून घेतलं आणि उघडायला लागली. आवाज होऊ नये म्हणून जराही काळजी न घेता. एक घडी. दुसरी घडी. तिसरी.

पानायचं बोट थांबवायच्या बटणावर होतं. तिनं ते दाबलं नाही.

पुढच्या वसंतात शुभवर्तमान फोनवर आलं. खालच्या शहरातून, एका कारखान्याच्या वसतिगृहातून गावच्या एका पोरानं पास्टर वातानला निरोप पाठवला. रात्रपाळीला जाताना ऐकतो, लिहिलं होतं. त्या बाईच्या गोष्टीत, प्रभू तिला दोषी ठरवत नाही म्हणतो, त्यानंतर कसला तरी आवाज आहे. सुकं काहीतरी सावकाश सरकतंय, असा. आम्ही चौघांनी ऐकलं. आम्हाला वाटलं, तो पुन्हा वाकून मातीत बोटानं लिहितोय. पण पुस्तकात त्या जागी तसं काही नाही. काढून टाकायचं राहिलं का?

पास्टरनं तो निरोप दोनदा वाचला.

'नाही,' त्यानं लिहिलं, आणि पाठवलं.