सुवर्णा कोण, ते पिठ्ठूला विचारा

साहेब, तुम्ही माईकवर खोटं बोललात. शिरूरच्या भरल्या मंगल कार्यालयात बोललात, आणि लोकांनी त्यावर टाळ्याही वाजवल्या. तुमचं नाव मी घेत नाही. उद्या तुमची बदली होईल, खुर्चीत दुसरा कुणी येईल. त्यानंही हे स्वतःलाच विचारलंय असं समजावं.

मित्रांनो, मी एक जुना पिठ्ठू आहे. सैनिक पाठीवर जी जाड हिरवी पिशवी बांधतो, तिला पलटणीत पिठ्ठू म्हणतात. मोठी माणसं तुम्हाला सैनिकांच्या गोष्टी सांगतात, त्या शौर्याच्या असतात. त्याच्या मागं राहिलेल्या घराची गोष्ट कुणी सांगत नाही. ती मी सांगतो. गोड करून सांगणार नाही.

माझं कापड सरकारी, शिवण सरकारी, पट्ट्यांची बक्कलंही सरकारी. कारखान्यातून निघालो तेव्हा मी इतका कडक होतो की जमिनीवर ठेवला तर आपोआप उभा राहायचो. कवठे येमाईच्या सुदर्शनला मी मिळालो. शेतकऱ्याचं पोर, नुकतं भरती झालेलं. त्यानं पांढऱ्या रंगानं माझ्यावर स्वतःचं नाव घातलं आणि रंग वाळेपर्यंत फुंकर मारत बसला. पुढं बर्फात मी त्याची उशी झालो. वाळवंटात त्याचं पाणी आणि कोरड्या रोट्या मी सांभाळल्या. सुट्टीवर आला की गल्लीतली पोरं मला पाठीवर चढवून देवळापर्यंत डावा-उजवा करत जायची. तेव्हा माझा थाट होता. गावात मला बघून म्हातारी माणसंसुद्धा म्हणायची, "फौजी आला रं!"

त्याचं लग्न असंच एका सुट्टीत झालं. नवरी दौंड तालुक्यातली, केडगावची. तिचं नाव चांगुणा. आणि सुदर्शनच्या आईचं नावही चांगुणा. आता काय करायचं? म्हातारी मांडवातच बोलली, "एका घरात दोन चांगुणा न्हाई चालायच्या. कुनी हाक मारली की दोघी व्हय म्हननार, आन् कामाला एक बी उठायची न्हाई." सगळे हसले. मग पद्धतीप्रमाणं ताटात तांदूळ पसरले आणि सुदर्शननं अंगठीनं नवं नाव लिहिलं, सुवर्णा. नवरीला विचारलं का? नाही. तिला ते आवडलं का? तेही कुणी विचारलं नाही. भिंतीवरच्या खुंटीला लटकून मी हे सगळं बघत होतो.

सुट्टी संपली. सुदर्शन पलटणीत गेला आणि बायकोचं नाव म्हणून त्यानं 'सुवर्णा' लिहून दिलं. लष्कराच्या कागदांवर ती सुवर्णा झाली. पेन्शनचं दोघांचं जोडखातं पुढं निघालं, त्यातही तिचं तेच नाव. त्या कागदांवर दोघांचा जोडीनं काढलेला फोटोही चिकटला, वर शिक्का बसला.

मग गावोगाव आधार कार्डाचे कॅम्प आले. त्या वेळी ती माहेरी होती. मशीनवरच्या पोरानं जन्मतारखेचा पुरावा मागितला. तिच्याजवळ एकच होता, माहेरच्या शाळेचा दाखला. त्यावर चांगुणा. तिचा भाऊ ईश्वर म्हणाला, "ताई, हेच दे. नाव कुठलं बी असलं तरी तू तूच हायेस ना?" भावाला वाटलं ते कुणालाही वाटलं असतं. माणूस एक असला की कागद त्याचं ऐकतील असं आपल्याकडं अजून लोकांना वाटतं.

सुदर्शन हवालदार होऊन निवृत्त झाला. मी फार जुना झालो होतो, म्हणून मला कुणी परत मागितलं नाही. त्याच्याबरोबरच घरी आलो. घरी आल्यावर फौजीला काय मिळालं? कारेगावच्या बाजूला एका कंपनीच्या गेटवर निळा ड्रेस आणि शिट्टी. सीमेवर उभा राहिलेला माणूस मालाच्या गाड्यांचे नंबर लिहून घेऊ लागला. तरी कुरकुर केली नाही. त्याचा सगळा जीव शितलमध्ये, एकुलत्या एका लेकीत. लष्कराच्या हॉस्पिटलात एका नर्सनं त्याला तापातून उठवलं होतं. तो शितलला म्हणायचा, "तू नर्स हो. सरकारनं आपल्या पोरांसाठी जागा राखून ठेवल्यात. बाप फौजी हाय तुझा, कुणाच्या पाया पडायची गरज न्हाई."

एका सकाळी ड्युटीवरून परतताना ट्रकनं त्याची मोटरसायकल उडवली. त्यानंतर मी माळ्यावर गेलो. माझ्यात कांद्याचं बी भरून ठेवलं होतं. उंदरांनी एक कोपरा कुरतडला.

शितल बारावी झाली. मार्क चांगले पडले. नर्सिंग कॉलेजात माजी सैनिकांच्या मुलांसाठीची जागा तिला लागत होती. फक्त तुमच्या पुण्यातल्या सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला हवा होता, की ही सैनिकाची मुलगी आहे. तेव्हा सुवर्णाबाईनं मला झटकून खाली काढलं, सगळे कागद माझ्यात घातले आणि पुण्याची एसटी धरली. मला वाटलं, आता पुन्हा आपले दिवस आले.

टेबलावरच्या बाबूनं कागद उलटेपालटे केले. "लष्करात सुवर्णा, आधारला चांगुणा. बाई, तुमच्या मिस्टरांना दोन बायका होत्या का?"

आजूबाजूचे दोघेतिघे हसले. शितल खाली बघत राहिली. सुवर्णाबाई म्हणाली, "भाऊ, लग्नात नाव बदललं. ह्यो फोटो बघा ना. मीच हाय त्यात."

"फोटोवरून नाव कळतं का बाई?"

"मग पेन्शन कशी देता मला? ती घेनारी सुवर्णा खरी, आन् पोरगी शिकवनारी खोटी?"

"पेन्शन बँक देते. आम्हाला नका शिकवू. लग्नाची नोंद आणा."

लग्नाची नोंद गावात तेव्हा कोण करत होतं? मग प्रतिज्ञापत्र करा, पेपरात जाहिरात द्या, शाळेतून लिहून आणा. ती शिरूरला गेली, केडगावला गेली. शाळेच्या हेडमास्तरांनी हात जोडून लिहून दिलं. सगळं आणल्यावर बाबू म्हणाला, "हे लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवावं लागेल. नाहीतर ज्याच्यासमोर नाव बदललं असा घरातला साक्षीदार आणा."

साक्षीदार म्हणून म्हातारी आली. गुडघे धरून, जिना चढून आली. टेबलावर हात आपटून म्हणाली, "म्याच बदलाया लावलं नाव. मी जित्ती हाय, मला इचारा काय इचारायचं ते."

"आजी, तुमचं आधार द्या."

दिलं. त्यानं वाचलं आणि खुर्चीत मागं रेलला. "चांगुणा. म्हणजे आता चांगुणा दोन झाल्या आणि सुवर्णा एकही नाही."

म्हातारी म्हणाली, "तुझ्या आईनं तुझं नाव ठिवलं, त्याला कोन साक्षीदार हुता रं?" तिला शिपायानं बाहेर नेलं. जिना उतरताना ती सुनेला एवढंच म्हणाली, "माझ्या हौसंपायी झालं गं हे." सुनेनं म्हातारीचा हात धरला, दुसऱ्या हातात मी होतो.

आता साहेब, तुमच्यावर येतो.

शिरूरला माजी सैनिकांच्या कुटुंबांचा सत्कार होता. हार, फेटे, देशभक्तीची गाणी. तुम्ही पाहुणे. निवेदकानं यादीतून नाव पुकारलं, "श्रीमती सुवर्णा सुदर्शन." ती व्यासपीठावर आली, मी तिच्या खांद्याला. तुम्ही तिच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला, फोटोसाठी हसलात. तिनं नारळ टेबलावर ठेवला आणि माईक ओढून घेतला.

"साहेब, आत्ता कुनाला हाक मारली?"

तुम्ही यादीत बघितलं. "सुवर्णाताई, तुम्हालाच."

"शाल घ्यायला मी सुवर्णा हाय. मग दाखला घ्यायला का न्हाई? पोरीच्या अॅडमिशनची तारीख जवळ आली. सांगा, मी कोन हाय?"

तुम्ही घामाघूम झालात, पण हुशार आहात. माईक हातात घेतलात आणि म्हणालात, "ताई, तुमचं काम झालं असं समजा. शितलची जागा कुठंही जाणार नाही. हा माझा शब्द." टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतला एक म्हातारा सुभेदार डोळे पुसत होता. त्या रात्री घरात गोड शिरा झाला. शितलनं पांढऱ्या ड्रेसचं कापड बघायला सुरुवात केली.

दुसऱ्या आठवड्यात तुम्ही दौऱ्यावर होता. त्याच्या पुढं रजेवर. फोन केला तर "साहेब मीटिंगमध्ये आहेत." बाबू म्हणाला, "साहेब तोंडी बोलले असतील, मला लेखी काही नाही." प्रवेशाची तारीख गेली.

आज शितल कारेगावला पॅकिंग लाइनवर उभी असते. बाप ज्या गेटवर शिट्टी वाजवायचा, त्याच्याच पलीकडच्या कंपनीत. आई तिला डबा देते आणि दारातून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहते. म्हातारी आता सुनेला नावानं हाकच मारत नाही, "अगं" म्हणते.

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी जुन्या वस्तू जपा असं सांगायची पद्धत आहे. मला जपू नका. माझं पायपुसणं केलंत तरी चालेल. पण सैनिकाला सलाम ठोकताना त्याच्या घरात डोकावून बघा, की त्याची पोरं कुठं आहेत. त्यांना शाळेत, कॉलेजात बसायला जागा मिळाली का. ते न बघता ठोकलेला सलाम मला नको. सुदर्शनलाही नको असता.

आणि साहेब, शेवटचं एक. परवा शितलनं फोनवर त्या कॉलेजची अंतिम यादी उघडली. माजी सैनिकांच्या मुलांसाठी राखलेल्या जागेपुढं कुणाचंच नाव नव्हतं. तिथं 'रिक्त' असं लिहिलं होतं. म्हणजे तुम्ही ती जागा दुसऱ्या गरजू पोरालाही दिली नाहीत. ती फुकट घालवलीत, पण आमच्या पोरीला दिली नाहीत.

का? उत्तर द्या. माईकवर नको. लेखी द्या.