सेओर

संध्याकाळी घरी निघताना लेकीचा, रुहीचा, दुसरा बूट शोधायला यामिनीने मिल्कामावशींच्या दारामागचं कपाट उघडलं, तर आत बुटाशेजारी पावाचा तुकडा होता. कागदी रुमालात नीट गुंडाळलेला. तिला हसू आलं, रुहीचाच उद्योग असणार. पण मग एक टीव्हीच्या मागे दिसला, एक सोफ्याच्या उशीखाली, एक खिडकीत, उंचावरच्या कुंडीआड. तिथवर चार वर्षांच्या रुहीचा हात पोचणं शक्य नव्हतं.

मावशी आत ओटा घासत होत्या. गेले पंधरा दिवस त्या घर घासतच होत्या. आता यामिनीला तेही खटकलं. मागच्या महिन्यात रुहीला त्यांनी दोनदा रूबेन म्हणून हाक मारली होती.

रूबेन त्यांचा मुलगा, क्युपर्टिनोला असतो. अलिबागकडच्या बेने इस्राएल ज्यू चौलकरांची ही सून लग्न होऊन परदेशात, पिस्कॅटवेला आली, शाळेच्या कॅन्टीनमध्ये मुलांना वाढता वाढता रिटायर झाली आणि नवरा गेल्यावरही याच दोन खोल्यांत राहिली. रूबेनचं एकच म्हणणं, एकटी राहू नकोस, इकडे सीनियर होममध्ये ये. त्यावर मावशींचंही एकच, माझं डोकं शाबूत आहे. याच डोक्याच्या भरवशावर यामिनी रोज सकाळी रुहीला इथे सोडून ऑफिसला जायची.

तिने ते तुकडे जॅकेटच्या खिशात घातले. मावशींना ओशाळं वाटू नये म्हणून, असं स्वतःला सांगितलं. कचरा टाकून येते म्हणत खाली गेली, तुकडे डम्पस्टरमध्ये टाकले आणि तिथेच उभ्या उभ्या रूबेनला मेसेज केला, की मावशी हल्ली घरभर पाव लपवून ठेवतात, तुम्हाला माहीत असावं. पाठवल्यावर तिला बरं वाटलं. कर्तव्य पार पाडल्यासारखं.

वर आली तर घरातले दिवे मालवलेले. मावशींच्या हातात मेणबत्ती, रुहीच्या हातात पांढरं पीस आणि लाकडी चमचा.

"आलीस? थांब जरा," मावशी म्हणाल्या. "उद्या संध्याकाळी आमचा पेसाहचा सण लागतो, मग आठ दिवस घरात आंबवलेलं काही चालत नाही. आज घरातलं आंबवलेलं शोधून काढायचं, आणि ते पोरांनी शोधायचं असतं. घर तर घासून ठेवलंय, मग सापडणार काय? म्हणून मीच दहा तुकडे लपवलेत."

यामिनीचा हात रिकाम्या खिशात गेला. बोलायची हीच वेळ होती. तिने जॅकेटची चेन वर ओढली.

"व्हाय इज ब्रेड बॅड?" रुहीने विचारलं.

"बॅड नाही गं. पाव तो हमेत्स, म्हणजे नुसतं आंबवलेलं. खरा गुंड म्हणजे सेओर." मावशी रंगात आल्या होत्या. "कालच्या पिठातला राखून ठेवलेला आंबट गोळा. तो स्वतः तोंडात घालवत नाही. पण एवढासा नव्या पिठात टाक, की सगळं पीठ त्याच्यासारखं. माझी आजी तर पेसाहला आंबटाचं मडकं झाकायचा सण म्हणायची."

रुही सुटली. पिसाने तुकडा चमच्यात लोटायचा आणि ओरडायचं, फाउंड इट. सहा सापडले. मग मावशीच तिला बुटांच्या कपाटाकडे घेऊन गेल्या. तिथे काही नव्हतं. टीव्हीमागे नव्हतं. मावशी हसायच्या थांबल्या. गुडघे दुखत असूनही खाली बसल्या, सोफ्याखाली हात घालून चाचपायला लागल्या. मेण गालिच्यावर ठिबकत होतं.

"इथे ठेवला होता मी," त्या पुटपुटल्या. "ठेवला होता ना? की नुसतंच..." त्यांनी मान वर केली. मेणबत्तीच्या उजेडात त्यांचा चेहरा पार घाबरलेला होता. "रूबेन म्हणतो ते खरं की काय गं?"

"मावशी, मी उचलले," यामिनी म्हणाली. "चारही. खाली टाकून आले."

मावशींनी उठून दिवा लावला.

"उंदीर लागतील म्हणून?"

हो म्हणता आलं असतं. मावशींनी ते तिच्यासाठीच पुढे केलं होतं.

"नाही. मला वाटलं, तुम्हाला..."

"रूबेनला कळवलंस?"

यामिनीने मान खाली घातली.

"मला विचारायचंस," मावशी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "रोज आपली पोर माझ्या हवाली करतेस. एवढं विचारायचंस."

रुही दोघींकडे आळीपाळीने बघत होती. मावशींनी तिला जवळ घेतलं, तिच्या हातातला चमचा कागदात गुंडाळला. तुकडे घराबाहेर गेले म्हणजे झालं, कामच झालं, असं त्या तिला समजावत होत्या. मग डोळे मिटून त्या काहीतरी म्हणाल्या आणि रुहीसाठी मराठीतून पुन्हा म्हणाल्या, की जे आंबलेलं माझ्या नजरेतून सुटलं असेल, ते सगळं मातीसारखं होवो.

तेवढ्यात मावशींचा फोन वाजला. टेबलावर रूबेनचं नाव उजळलं.

"मी बोलते त्यांच्याशी," यामिनी घाईने म्हणाली. "सांगते, माझी चूक झाली म्हणून."

मावशींनी हातानेच तिला थांबवलं. केस मागे सारले, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, खुर्चीत ताठ बसल्या आणि मग फोन उचलला.

"हॅलो रूबेन," त्या म्हणाल्या. "आज मंगळवार आहे. एकतीस मार्च. हं, बोल आता."