तोंडओळख

“काच खाली कर,” बाहेरचा माणूस म्हणाला.

मी केली नाही. उलट गाडीच्या चारही दारांची कुलपं पुन्हा एकदा दाबली. उंच, काळा, साठीकडे झुकलेला माणूस. डोक्यावर लोकरीची टोपी, हातात कॉफीचा मग. त्याने वाकून माझ्या मांडीवरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि हसला.

“बरं, नको करूस. पण गाडी उलटी लाव. तोंड रस्त्याकडे पाहिजे, पळायची वेळ आली तर काय मागं-मागं जाणारेस? आणि कॅमेऱ्याचा तो पट्टा. त्यावर कंपनीचं नाव एवढं मोठ्ठं कशाला? काळी चिकटपट्टी लाव. मी पेटवे. त्या हिरव्या घरात राहतो. आता येतेय ती कोळशाची मालगाडी, मागं दोन इंजिनं लावलेली. उतरणारेस, की काचेतूनच फोटो काढणारेस?”

मी उतरलो. त्याला आता साडेबारा वर्षं झाली.

ऑर्लँडस पेटवे एकतीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात होता. चादरी, गाऊन, रक्ताचे टॉवेल. रोज सकाळी कामावर जाण्याआधी आणि निवृत्तीनंतर दिवसभर तो रेल्वेगाड्या बघायचा. शिकागोच्या दक्षिणेला मेरिडन हाइट्समध्ये तीन कंपन्यांचे रूळ एकमेकांना कापतात. दिवसाला शंभरेक गाड्या. पोलादाचा कारखाना बंद पडल्यापासून बाकी सगळं बुडालं होतं; अर्ध्या घरांच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. रेल्वेगाड्यांचे फोटो काढणाऱ्या आमच्या क्लबातले लोक त्या जागेचं नाव काढलं की आवाज खाली आणत. तिथे एकाचा कॅमेरा गेला होता, एकाचे पुढचे दात.

“या गल्लीत गोरा माणूस दिसला,” पेटवे सांगायचा, “की तो पोलीस तरी, वसुलीवाला तरी, नाहीतर वाट चुकलेला. तू कोण ते लोकांना आधी कळू दे. आधी तू गुड मॉर्निंग म्हण.”

त्याच्याकडून मी सगळं शिकलो. घरांचे, माणसांचे फोटो काढायचे नाहीत. दोघं अनोळखी एकाच वेळी थांबले की सामान आवरायचं. रूळ ओलांडताना कानात काही घालायचं नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे वस्तीतल्या एकाचं तरी नाव माहीत पाहिजे. “वेळेला हाक कुणाला मारशील रे?” तो म्हणायचा.

मी शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करतो. बायको सोडून गेली होती, मुलगी दूर असते. रविवारी दुपारी पेटवेची बायको एर्नस्टीन मला जेवायला बसवायची. घेवडा, मक्याची भाकरी, कधी डुकराचं मांस. ती मला आडनावाने हॉलंडर म्हणायची, नवऱ्यासारखंच. “हॉलंडर, तुझी हाडं मोजता येतात. वाढून घे.”

क्लबच्या पत्रिकेत मी एक लेख लिहिला होता, ‘अवघड वस्तीत सुरक्षित कसं राहावं’. नियम पेटवेचे होते, नाव माझं. नाव माहीत असण्याचा नियम मी गाळला. वाचणाऱ्यांना कुलपं आणि पोलिसांना फोन एवढंच हवं होतं, म्हणून कुलपं आणि फोन जास्त लिहिले. पेटवेने तो अंक चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.

“शुद्धलेखन झकास आहे तुझं,” म्हणाला. अंक घडी करून परत दिला.

गेल्या ऑक्टोबरात कंपनीच्या जुन्या रंगात रंगवलेलं एक दुर्मिळ इंजिन मेरिडन हाइट्सवरून जाणार असल्याची बातमी आली. क्लबातल्या ब्रूस्टर नावाच्या दंतवैद्याने मला गळ घातली. त्याच्याकडे हातभर लांब भिंग होतं, पण तो त्या वस्तीत कधी पाऊल टाकायला धजला नव्हता.

“तुझा लेख पाठ केलाय मी,” तो गाडीत म्हणाला.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. मी गाडीचं तोंड रस्त्याकडे करून ती लावली आणि खांबाजवळ जागा धरायला पंधरा-वीस पावलं पुढे गेलो. ब्रूस्टर भिंग बसवत गाडीतच राहिला. त्याला मी पेटवेबद्दल सांगितलं नव्हतं. विसरलो असं त्याला नंतर सांगितलं. खरं म्हणजे, तिथे मी स्वतःच्या हिमतीवर जातो असं त्याला वाटत होतं आणि मला ते आवडत होतं.

रुळांच्या पलीकडून पेटवे आला. हातात कॅमेऱ्याची एकपायी काठी, काळ्या फडक्यात गुंडाळलेली. माझ्या गाडीकडे बघून तो काठी उंचावून ओरडत होता. मला नीट ऐकू आलं:

“पलीकडे या! ऊन पलीकडे आहे!”

मी हात केला. तो गाडीपाशी गेला, काचेवर टकटक केली, आत वाकून पाहिलं. आत कोण आहे ते त्याला कळेना. ब्रूस्टर फोनवर बोलत होता. मला तेव्हाच जायला हवं होतं. पण लांबवर इंजिनाचा दिवा दिसला होता आणि मी जागा सोडली नाही.

पोलीस दोन मिनिटांत आले. ते जवळच्या कोपऱ्यावरच असावेत.

“टाक खाली! टाक ते!”

“अहो, काठी आहे, कॅमेऱ्याची...”

“खाली हो! हात मागं!”

सदुसष्ट वर्षांचा माणूस खाली तरी किती पटकन होणार? एकाने त्याचा हात पिरगाळला, दुसऱ्याने मानेवर गुडघा देऊन त्याचं तोंड खडीत दाबलं. काहीतरी मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्यानंतर त्याची हाक.

“हॉलंडर!”

तेवढ्यात इंजिन आलं. शिट्टी, जमिनीचा थरथराट. आणि मी कॅमेरा डोळ्याला लावला. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर मी त्याच्या तोंडावर थुंकलो असतो. मी अकरा फोटो काढले. भिंगातून फक्त गाडी दिसत होती, म्हणून मी भिंगातून बघत राहिलो. एकशे आठ डबे गेले.

गाडी गेल्यावर दोघांपैकी तरुण पोलीस माझ्याकडे आला. त्याचा हात पट्ट्यावरच्या पिस्तुलाशी होता.

“तो तुझं नाव घेतोय. ओळखतोस का त्याला?”

पेटवे पालथा होता. गाल खडीवर, चेहरा माझ्या बाजूला. एक डोळा रक्ताने भरलेला, दुसरा माझ्यावर.

“तोंडओळख आहे,” मी म्हणालो. “इथे कधीमधी दिसतो.”

त्याने डोळा मिटला.

एर्नस्टीन घरातून धावत येत होती, पायांत सपाता. तिला पोलिसांनी रेल्वेफाटकाशीच अडवलं. ती मला हाका मारत होती. मी ब्रूस्टरच्या शेजारी गाडीत जाऊन बसलो. तो रडत होता.

“लेखात लिहिलंय तसंच केलं मी,” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. “अक्षरशः तसंच.”

चार तासांनी पेटवेला सोडलं. गुन्हा काहीच नव्हता, कागदावर ‘गैरसमज’ लिहिलं. उजवा खांदा दोन ठिकाणी मोडला होता, उजव्या डोळ्यात खडीचा तुकडा गेला होता. तो डोळा इस्पितळाने काढला. त्याच इस्पितळाने, ज्याच्या चादरी त्याने धुतल्या होत्या. ब्रूस्टरने फळांची टोपली पाठवली. क्लबने बैठक घेऊन फोटोच्या जागांच्या यादीत मेरिडन हाइट्ससमोर शेरा मारला: सध्या टाळावे. त्याच बैठकीत माझ्या अकरांपैकी चौथा फोटो पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरसाठी निवडला गेला. मी नको म्हणालो नाही.

नाताळ उलटल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. काय बोलायचं ते वाटेत चार वेळा जुळवलं होतं. दार एर्नस्टीनने उघडलं. तिने मला आत घेतलं, बसायला सांगितलं, कॉफी दिली. माझं नाव घेतलं नाही.

पेटवे खिडकीशी बसला होता. डोळ्यावर पट्टी, उजवा हात गळ्यात बांधलेला. मांडीवर जाड वही होती.

“पेटवे, मी त्या दिवशी...”

“त्या दिवशीच्या इंजिनाचा नंबर काय होता?” त्याने विचारलं. “मला दिसलं नाही.”

मी नंबर सांगितला.

“वेळ?”

“नऊ बावन्न.”

“डबे?”

“एकशे आठ.”

त्याने वही उघडली. तारीख, नंबर, वेळ, डबे असे रकाने आखलेले होते आणि शेवटचा रकाना ‘कुणाबरोबर’. पानभर, रविवारमागून रविवार, त्यात एकच नाव होतं. माझं. ऑक्टोबरच्या त्या तारखेची ओळ रिकामी होती. डाव्या हाताने, पहिलीतल्या पोराच्या अक्षरात, त्याने एकेक आकडा बसवला. पेन्सिल दोनदा निसटली. उचलून द्यायला मी वाकलो, पण तोवर त्याने ती स्वतःच उचलली होती.

शेवटच्या रकान्यावर त्याने पेन्सिल नेली. मग लिहिलं: एकटा.

वही मिटून तो खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर कोळशाच्या रिकाम्या डब्यांची रांग हळूहळू उत्तरेला चालली होती.  शेवटचा डबा गेल्यावर एर्नस्टीन उठली आणि माझा अर्धा भरलेला कप उचलून घेऊन गेली.