बाहेर ऐकण्यासाठी

“आणि पडला तर?” मिस्त्रीने विचारलं.

दुकानातल्या मुलीने काउंटरवरचा ब्लूटूथ स्पीकर उचलला, हात खांद्याच्या वर नेला आणि सोडून दिला. फरशीवर धप्प! शेजारच्या गिऱ्हाइकाने दचकून पाय मागे घेतला. स्पीकर घरंगळत मिस्त्रीच्या चपलेला येऊन टेकला. ओरखडासुद्धा नाही.

“कितीही आपटा, काका. पाण्यात बुडवा, मातीत लोळवा.”

“आमच्या लंबूलाच देवाने असं बनवायला हवं होतं,” मिस्त्री म्हणाला आणि स्वतःच हसला. बायको हसली नाही.

स्पीकर लंबूसाठी होता. लंबू म्हणजे बोअरच्या गाडीवरचा त्याचा नऊ वर्षांपासूनचा जोडीदार. चार महिन्यांपूर्वी पाइप धरणाऱ्या जबड्यात त्याच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. आता तो एका फळबागेत राखणदार आहे. दिवसभर एकटा, उघड्यावर. निदान कानाशी काहीतरी वाजत राहील, असं मिस्त्रीच्या डोक्यात आलं आणि तिथेच ठाण मांडून बसलं. आठवडाभर दुसरा विषय नाही. बायको शिवणयंत्रावर बसली की हा शेजारी उभा: बॅटरी किती तास चालेल, धूळ आत जाईल का, फांदीला टांगता येईल का.

“लग्नाआधी माझी एवढी चौकशी केली नव्हती तुम्ही,” ती म्हणाली होती.

काउंटरवर चार स्पीकर मांडलेले. मिस्त्रीने उजव्या हाताची मधली तीन बोटं दुमडून घेतली. राहिले अंगठा आणि करंगळी. तेवढ्यावर त्याने एकेक उचलून पाहिला. पहिला निसटला. दुसऱ्याची बटणं एवढी बारीक की अंगठा एकदम दोन दाबायचा. तिसरा छान होता, पण गुळगुळीत. घामाचा हात असेल तर गेलाच. चौथ्याला जाड पट्टा होता. पट्टा मनगटात अडकवला की अंगठा बरोबर बटणावर.

मुलगी बघत होती. तिला काय कळलं कोण जाणे, पण तिची मघाची बडबड बंद झाली.

“हा,” मिस्त्री म्हणाला. “आता आवाज ऐकवा.”

मुलीने मोबाइलवर बोट फिरवलं. बासरी लागली. बारीक, लांबवर जाणारी. दुकानातल्या गर्दीतूनही बायकोला ती स्पष्ट ऐकू आली. हातातली पिशवी तिने नकळत खाली ठेवली.

मिस्त्री थांबला होता. तळवा स्पीकरवर, मान जराशी कलती. थोड्या वेळाने म्हणाला, “लावा ना.”

बासरी वाजत होती.

मुलीने बायकोकडे पाहिलं. बायकोने कुठेच पाहिलं नाही.

“लावतेय ती. थांबा जरा,” बायको म्हणाली, आणि मुलीला काउंटरवर बोटांनी ठेका धरून दाखवला. मुलगी हुशार. तिने ढोल लावला. मिस्त्रीचा चेहरा उजळला.

“हं! ह्याला म्हणतात आवाज.”

*

कागद.

अपघाताचा. बोअरच्या गाडीच्या मालकाने भरलेला, खाली मिस्त्रीची सही. चार महिन्यांपूर्वी बायकोने वाचला होता. मुलगी खोक्याला चिकटपट्टी लावत होती तेवढ्या वेळात तिने तो पुन्हा वाचला, डोळ्यांसमोर काही नसताना.

काम: पाइप जोडणे.
जबड्याच्या लिव्हरवर: मिस्त्री.
जखमी कामगाराने ओरडून इशारा दिला होता का: नाही.
कारण: कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा.
पुढे: कामावरून कमी.

तिसऱ्या ओळीवर ती अडकली.

मिस्त्रीचं नाव होतं ते त्याच्या हातासाठी. जमिनीत खाली माती आहे, कातळ आहे की पाणी, हे बाकीचे मिस्त्री यंत्राच्या आवाजावरून ओळखतात. हा गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर तळवा ठेवून सांगायचा. ह्याच्या हाताला पाणी कळतं, म्हणून लोक लांबून बोलवायचे. तिनेही चार जणींत मिरवून घेतलं होतं. पण हे सगळं गेल्या दोन वर्षांतलं. त्याआधी त्याने कधी हात टेकवल्याचं तिला आठवेना.

दाराची बेल वाजली की तो जागचा हलायचा नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजा म्हटलं की म्हणायचा, “तूच मोज.” ती समजायची, नवराच तो, ऐकून सोडून देत असेल.

*

बसमध्ये तो खिडकीशी बसला, खोकं मांडीवर. तिने जांभई आल्यासारखा तोंडावर हात ठेवला आणि हाताआडून विचारलं, “लंबू ओरडला होता का?”

“हो, हो,” तो खुशीत म्हणाला. “उतरल्यावर घेऊ.”

तिने हात काढला. त्याच्याकडे तोंड केलं. प्रत्येक शब्द वेगळा काढून तेच पुन्हा विचारलं.

तो तिच्या ओठांकडे बघत होता. मग खिडकीबाहेर बघायला लागला. दोन थांबे गेले.

“मी काही ऐकलं नाही,” तो म्हणाला. “मालकाने विचारलं, ओरडला का? मी खरं तेच सांगितलं. नाही ऐकलं.”

“नाही ऐकलं की नाही ओरडला?”

“नंतर वाटायला लागलं, ओरडला असेल. मग वाटलं, नसेल ओरडला.” त्याने खोक्याची सुटलेली चिकटपट्टी अंगठ्याने दाबून बसवली. “ऐकू येत नाही हे सांगितलं असतं तर मला लिव्हरवर कुणी उभं केलं असतं?”

“आणि मला? मला का नाही सांगितलं?”

ह्या वेळी तो बाहेर बघत होता. ऐकू आलंच नसेल, किंवा आलंही असेल.

*

फळबागेत लंबू प्लॅस्टिकच्या खुर्चीवर झाडाखाली बसला होता. त्यांना बघून उठला. उजवा हात आधी खिशात गेला, मग बाहेर आला.

“वहिनी, तुम्ही कशाला आलात एवढ्या उन्हात?”

“हे ऐकतात का माझं!” ती म्हणून गेली आणि ओठ चावला.

लंबूने खोकं उघडलं. पट्टा मनगटात अडकवला. अंगठा बटणावर बसला; मिस्त्रीने हळूच मान हलवली. लंबूने मोबाइल जोडून गाणं लावलं, आवाज वाढवला, कमी केला, परत वाढवला. नवीन वस्तू हातात आली की माणूस काय करतो, तेच. पण गाणं अर्ध्यावर आल्यावर त्याचा अंगठा थांबला. खाली मान घालून, स्पीकरशी बोलावं तसं तो म्हणाला,

“मी ओरडलो होतो, मिस्त्री. तीनदा.”

मिस्त्री हसतमुखाने उभा. “आवाज चांगला आहे ना?”

लंबूची मान वर आली. बायकोने त्याचा असा दुखावलेला चेहरा त्याआधी पाहिला नव्हता.

“काय म्हणतोय?” मिस्त्रीने तिला विचारलं.

तिच्या जिभेवर उत्तर तयार होतं. छान आहे म्हणतायत. तीन शब्द. तेवढे बोलले की बस पकडायची, घरी जायचं, सकाळी त्याचा डबा भरायचा, तो लिव्हरवर जाणार, पाइपापाशी कुणीतरी दुसरा उभा राहणार.

तिने मिस्त्रीचा दंड धरला, त्याला आपल्याकडे वळवलं.

“ते म्हणतायत, मी ओरडलो होतो. तीनदा.”

“जाऊ द्या, वहिनी,” लंबू म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं. “तुम्ही परत का सांगितलंत? मी ह्यांच्यासमोरच तर बोललो.”

“बारीक आवाज येत नाही त्यांना, यंत्र चालू असलं की ओरडणंही नाही. दोन वर्षं झाली. मला आज कळलं.”

लंबू खुर्चीत बसला. त्याने हसल्यासारखा आवाज काढला. “आणि मी चार महिने विचार करतोय, नऊ वर्षं बरोबर काढलेला माणूस, ह्याचं मी काय वाकडं केलं होतं!”

मिस्त्रीला त्यातलं किती समजलं, ते कळायला मार्ग नव्हता. त्याने शेजारचं रिकामं फळांचं खोकं पुढे ओढलं आणि लंबूच्या समोर बसला.

“उद्या मालकाकडे जातो,” तो म्हणाला. “कागदावरची ती ओळ बदलायला लावतो.”

“लिव्हर सुटेल तुमच्या हातची.”

“हं.”

“मग कराल काय?”

“आधी तू सांग,” मिस्त्री म्हणाला. “त्या दिवशी काय झालं ते. पहिल्यापासून. हळू बोल, मला बघू दे.”

लंबूने गाणं बंद केलं. मग उठला, खुर्ची उचलली आणि सावलीच्या बाहेर, चेहऱ्यावर ऊन येईल अशी मांडली.