समोरचं रद्द करते

ऑफिसात तिला सगळे शब्दवाली म्हणत. तिथे त्यांनी माणसाच्या वतीने ब्राउझर चालवणारा एक एजंट तयार केला होता. आपण तोंडाने काम सांगायचं; वेबसाइट उघडणं, बटणं दाबणं, माहिती भरणं हे तो बघणार. त्याच्या हाती दिलेल्या प्रत्येक साधनाचं वर्णन शब्दवाली लिही: हे काय करतं, कधी वापरायचं, कधी त्याला हात लावायचा नाही. एजंट त्या चार ओळींवर विसंबून चाले.

तिला लहानाचं मोठं केलेल्या आत्याला या एजंटाचं भारी कौतुक. मोतीबिंदूमुळे आत्याला स्क्रीनवरचं दिसेनासं झालं होतं. "तुझा हा गडी बरा आहे गं," ती म्हणे, "काम सांगितलं की तोंड वाकडं करत नाही."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळीच दोघी दवाखान्यात पोचल्या. काउंटरवरच्या बाईने नाव शोधलं, परत शोधलं.

"तुमची वेळ रद्द झालीय. तुमच्याकडूनच."

"अहो, आम्ही कशाला रद्द करू?" शब्दवाली म्हणाली.

"इथे तसंच दिसतंय. ती दुसऱ्याला दिली, आणि उद्यापासून डॉक्टर सुट्टीवर आहेत. ते आल्यावर बघू."

परत येताना टॅक्सीत आत्या पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. "काल मी तुझ्या त्या गड्याला इतकंच विचारलं, की वेळ पक्की आहे ना. का भलतंच काही बोलून गेले? हल्ली डोकं ठिकाणावर नसतं माझं."

शब्दवालीच्या लक्षात आलं. त्या दवाखान्याच्या साइटवर मध्येच जाहिरातीची चौकट उघडते. ती घालवायला एजंटाने 'रद्द' नावाचं साधन उचललं असणार. त्याचं वर्णन तिने जेवायला पळायच्या घाईत उरकलं होतं: 'समोरचं रद्द करते.' समोरचं म्हणजे काय? चौकट, की घेतलेली वेळ?

ओठांवर आलेलं तिने गिळलं. "होतं असं कधी कधी," एवढंच म्हणाली.

ऑफिसात पोचल्या पोचल्या तिने ते वाक्य खोडलं. नवं लिहिलं: 'घेतलेली वेळ कायमची रद्द करते. ती परत मिळत नाही. पानावर आलेली चौकट घालवायला हे वापरू नये. त्यासाठी "चौकट बंद" आहे. वापरण्याआधी ज्याची वेळ आहे त्याला विचारावं आणि त्याने हो म्हटल्याशिवाय पुढे जाऊ नये.'

शेजारच्या प्रोग्रामरने मान वळवून वाचलं. "कुणाची तक्रार आली का?"

"नाही."

"मग एवढं रामायण कशाला?"

"ज्याची वेळ गेली त्याला वाटणार, आपणच काहीतरी चुकीचं बोललो. तो कशाला तक्रार करेल?"

मग त्याने जुन्या नोंदी उघडल्या आणि दोघं शोधत बसले. अशा चुकून रद्द झालेल्या बऱ्याच वेळा निघाल्या. कुणाची दाताची, कुणाची मुलाच्या लसीची. कुणीच कुरकुर केली नव्हती. त्या सगळ्यांना कळवायचं ठरलं. मजकूर तिनेच लिहिला. परक्यांची माफी मागताना तिचा हात अडखळला नाही.

घरी मात्र तोंड उघडेना. आत्याने एजंटाशी बोलणं सोडलं होतं. गॅस बंद आहे ना, हे ती उठून उठून बघे. एकदा शब्दवालीने तिला फोनवर मैत्रिणीला सांगताना ऐकलं, "माझं आता काही खरं नाही गं. दिवसा घरी एकटीने राहण्यातली नाही मी."

आता शब्दवालीला राहवेना. आत्याने फोन ठेवल्या ठेवल्या ती तिच्यासमोर बसली आणि सगळं सांगून टाकलं.

आत्याने आधी नीट ऐकून घेतलं. "म्हणजे माझं डोकं शाबूत आहे?"

"हो."

"आणि तुला हे त्या टॅक्सीतच कळलं होतं?"

"हो, आत्या."

"चुका माझ्याही झाल्यात आयुष्यात, त्याचं काही नाही. पण मला वेड लागायची पाळी आली, आणि तू रोज माझ्या ताटात वाढत होतीस. तोंड शिवलं होतं का तुझं?"

आत्या उठली, भिंत चाचपत खोलीत गेली, दार लावून घेतलं. पुढे बरेच दिवस दोघींत कामापुरतंच बोलणं झालं.

डॉक्टर सुट्टीवरून परतले. तपासताना म्हणाले, "फार उशीर केलात. का बरं?"

"हिला विचारा," आत्या म्हणाली.

शब्दवालीने एक शब्दही न गाळता सांगितलं. टॅक्सीतलंसुद्धा. आत्या ऐकत राहिली.